मुलांशी पाळीबद्दल, शरीराबद्दल बोलायचं कसं? सुरुवात गिलक्याच्या वेलापासून करा

आमच्या घरी गाय माजावर आली, भरवायला न्यायची, गाभण राहिली का, हे सगळं ओट्यावर लहानमोठ्यांसमोर मोठ्याने बोललं जातं. ज्वारी पोटरीत आली, केळी निसवली हेही तसंच. पण घरातली पोरगी वयात आली की आवाज एकदम खाली येतो आणि "कावळा शिवला" एवढंच कानावर पडतं. जळगाव असो, धुळे असो, बऱ्याच घरात हेच आहे.

नवरात्रात माझ्या पुतणीने घटासाठी शेतातली माती आणली, स्वतः चाळली, गहू पेरले, रोज सकाळी उठून पाणी घातलं, कोंब बोटभर आले आणि पाचव्या माळेला तिला पहिली पाळी आली. आजीने लगेच सांगितलं, घटाला हात लावू नको. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, काकू, मीच पेरलं ना ते? त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मला फार लागलं, त्यानंतर घरात जे जे करून पाहिलं ते इथे लिहितेय.

पाळी यायची वाट बघू नका. मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की सकाळी त्याला वेलापाशी न्या, गिलकं (घोसाळं), कारलं, भोपळा काहीही चालेल. दोन फुलं तोडून हातात द्या. एकाच्या मागे नुसता देठ असतो, दुसऱ्याच्या मागे करंगळीच्या पेराएवढं छोटंसं गिलकं आधीच असतं, ते मादी फूल. नर फुलातला पिवळा पराग बोटाला लावून दाखवा, हा मधमाशीने तिकडे नेला तर गिलकं भरतं, नाही नेला तर ते पिवळं पडून गळतं. मुलं हे दहा मिनिटात समजतात आणि लाजत नाहीत, कारण आपण लाजत नसतो. मग तिथेच उभं राहून सांगा की माणसात गर्भाशयाला दर महिन्याला आतून अस्तर येतं, गर्भ राहिला नाही की ते अस्तर रक्तासोबत बाहेर पडतं, तीच पाळी. घाण रक्त हा शब्द वापरू नका, तो एकदा डोक्यात बसला की निघत नाही.

मुलाला वगळू नका, ही चूक आम्हीपण केली होती. झोपेत वीर्य बाहेर येतं त्याला आपल्याकडे स्वप्नदोष म्हणतात, म्हणजे नावातच दोष घालून ठेवलाय, आणि वीर्य गेलं म्हणजे ताकद गेली ही ब्रह्मचर्याच्या कल्पनेतून आलेली भीती, तिच्यावर स्टँडजवळच्या भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती चालतात. पोराला सरळ सांगा की हे वयात येताना होतं, त्याने अशक्तपणा येत नाही, औषध लागत नाही. हे वडिलांनी सांगितलेलं बरं, पण ते टाळत असतील तर आईने सांगावं.

आता घरातल्या मोठ्या माणसांचं. "धर्मात लिहिलंय" म्हटलं की आपण गप्प बसतो. गप्प बसू नका आणि भांडूपण नका, ती गोष्टच घेऊन बसा. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत आहे की इंद्राने देवांचा पुरोहित विश्वरूप याला मारलं, ते पाप त्याने भुई, झाडं आणि बायका यांना वाटून दिलं, भागवतात पाण्यालाही वाटा आहे. बदल्यात वर मिळाले, खणलेली भुई भरून येईल, तोडलेलं झाड परत फुटेल, बाईला मूल होईल. बाईच्या वाट्याचं पाप म्हणजे पाळी, तिच्याशी बोलू नये, तिच्या हातचं खाऊ नये असंही तिथेच आहे, ते लपवायचं नाही. पण त्याच ठिकाणी तांबडा किंवा झाडाच्या कापातून गळणारा डिंकही खाऊ नये म्हटलंय, आणि आपण तर बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून घालतो. मी सासूबाईंना एवढंच विचारलं, आई, झाडाचं पाप आपण कधीच सोडून दिलं, मग पोरीचंच का धरून ठेवलं? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दुसरीकडचं पण सांगा, त्याने धीर येतो. ओडिशात जूनच्या मध्यावर रज पर्व असतं, तीन दिवस धरतीला पाळी आली असं मानतात, नांगर चालवत नाहीत, पोरी झोके खेळतात, अगदी आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खेळतात तशा. आसामात कामाख्येला आषाढात देवीची पाळी मानून देऊळ तीन दिवस बंद असतं आणि नंतर तिचं लाल वस्त्र लोक प्रसाद म्हणून घरी नेतात. लांब कशाला, आपल्याच सातपुड्यात पावरा आदिवासी समाजात नवऱ्याकडचे पोरीच्या घरच्यांना पैसे देतात, त्याला देज म्हणतात, खाली सपाटीला पोरीचा बाप हुंडा जमवत बसतो. एकाच जिल्ह्यात रीत इतकी वेगळी आहे म्हणजे ती माणसांनी बनवलेली आहे, हे मुलांना आपोआप कळतं. फक्त पावरा-भिलांच्या भोंगऱ्या बाजाराला पोरी पळवायचा बाजार म्हणू नका, तो होळीच्या खरेदीचा बाजार आहे, त्या नावाने तिथल्या लोकांना वाईट वाटतं.

मूल मोठं झालं की समलिंगी लोकांबद्दल विचारेल, मोबाईलवर पाहिलेलं असतं. १८६० च्या इंग्रजी कायद्यातल्या ३७७ कलमात "निसर्गाच्या विरुद्ध" असे शब्द होते, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं. मी इथे पपई दाखवते, तिच्यात नर झाड असतं, मादी असतं आणि उभयलिंगीही असतं. पपईवरून माणसाचं काही सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी सांगते, पण निसर्गात दोनच साचे असतात हे म्हणणं किती घाईचं आहे ते दिसतं.

हे सगळं एका दिवसात उरकू नका. गुलाबाईच्या, म्हणजे पोरींच्या गाण्यांच्या सणाच्या दिवसात गाण्यांमधून सासर, डोहाळे, बाळंतपण येतंच, तेव्हा पोरीला अर्थ विचारू द्या आणि खरा अर्थ सांगा. नको वाटणारा स्पर्श कुणी केला, अगदी नातेवाईकाने केला, तरी आईला येऊन सांगायचं, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगा.

आणि पॅडचं पाकीट कपाटात कपड्यांखाली नको, बाथरूममध्ये साबणाशेजारी ठेवा. आमच्याकडे आता संपलं की माझा मुलगा मेडिकलवरून आणतो, दुकानदार पेपरात गुंडाळायला लागला की तो म्हणतो, राहू द्या काका, असंच द्या.