सोरोरिटी-फ्रॅटर्निटीच्या रशमध्ये नकार आला, तर

कॉलेजातल्या मुलींच्या संघटना म्हणजे सोरोरिटी, मुलग्यांच्या म्हणजे फ्रॅटर्निटी, आणि त्यांची सदस्यभरती म्हणजे रश किंवा रिक्रूटमेंट. या रिक्रूटमेंटच्या आठवड्यात सकाळी फोन वाजतो. पलीकडे ऱ्हो गॅमा, म्हणजे भरतीत मुलींना मार्गदर्शन करणारी विद्यार्थिनी, असते, आणि आज तुमच्या वेळापत्रकात एकही घर, म्हणजे एकही सोरोरिटी, नाही असं ती हळूच सांगते. किंवा फोन येत नाही, वेळापत्रक येतं, पण मनात धरलेली दोन नावं त्यात नसतात. अमेरिकेतल्या कॉलेजांत दर ऑगस्ट-सप्टेंबरला, आणि काही ठिकाणी जानेवारीत, असंख्य मुलींच्या वाट्याला ही सकाळ येते. नकार दुखतोच. पण भरून न येणारं नुकसान बहुधा त्याच्या पुढच्या दोन-तीन तासांत होतं, रडता रडता घेतलेल्या एखाद्या निर्णयामुळे. म्हणून इथे नियम आधी सांगितले आहेत.

नकार नेमका कोणता, ते ओळखा

तीन वेगळ्या गोष्टींना सगळे 'ड्रॉप झाले' असं एकच नाव देतात. पहिली म्हणजे मधल्या फेरीत काही घरांनी पुढचं आमंत्रण न देणं. दुसरी, सगळ्याच घरांनी न देणं, म्हणजे रिक्रूटमेंटमधूनच बाहेर पडणं. तिसरी, शेवटच्या प्रेफरन्स फेरीपर्यंत जाऊनही बिड, म्हणजे सदस्यत्वाचं आमंत्रण, न जुळणं. पहिल्यात तुम्ही अजून प्रक्रियेत आहात. दुसऱ्या आणि तिसऱ्यात मुख्य रिक्रूटमेंट संपली आहे, पण बाकीची दारं उघडी आहेत. फोनवर ऱ्हो गॅमाला एवढंच विचारा: 'मी अजून प्रक्रियेत आहे का? आता माझ्यासाठी काय खुलं आहे? कोणत्या तारखेपर्यंत?' तिची उत्तरं लिहून घ्या. धक्क्यात ऐकलेलं तासाभरात विसरायला होतं.

'का' हे मात्र तिला विचारू नका. ती त्या काळापुरती सहसा आपल्या चॅप्टरपासून, म्हणजे सोरोरिटीच्या कॅम्पसवरच्या शाखेपासून, बाजूला झालेली असते आणि तिला कारण माहीत नसतं. घरातल्या ओळखीच्या मुलीलाही विचारू नका. निवडीची चर्चा गुप्त ठेवण्याचं तिच्यावर बंधन असतं, त्यामुळे ती गप्प तरी बसेल किंवा तुमचं मन राखायला काहीतरी सांगेल. त्या 'काहीतरी'वर मुली वर्षभर विचार करत बसतात.

घरं एवढी नावं का गाळतात

हा भाग नीट समजून घ्या, कारण स्वतःला दोष देण्याचं निम्मं काम इथे थांबतं. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या (हा सोरोरिटींचा महासंघ) सोरोरिटी ज्या कॅम्पसवर आहेत, तिथे साधारणपणे रिलीज फिगर पद्धत वापरतात. प्रत्येक चॅप्टरने किती जणींना पुढे बोलवायचं, हे त्याच्या मागच्या काही वर्षांच्या अनुभवावरून ठरतं: बोलावलेल्यांपैकी किती जणी खरोखर परत येतात?

समजा, प्रेफरन्सला दोन घरांना प्रत्येकी १२० मुली हव्या आहेत, आणि आदल्या फेरीत दोघांकडे ९०० मुली येऊन गेल्या. पहिल्या घराने बोलावलेल्या १०० पैकी ९५ परत येतात. त्याला सुमारे १२६ आमंत्रणंच देता येतात. दुसऱ्याकडे १०० पैकी ५० येतात, म्हणून ते २४० देऊ शकतं. पहिल्या घराला एका फटक्यात ७७४ नावं गाळावी लागली. त्यातल्या कित्येकींशी त्यांचं एकदाच, वीस-पंचवीस मिनिटं, बँडचा आवाज आणि गर्दी यांच्यात बोलणं झालेलं असतं. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गणित असंच चालतं. ज्या घराला सगळ्यांची पसंती, तेच लवकर आणि जास्त गाळतं. म्हणून आवडलेली घरं पहिल्या दोन फेऱ्यांतच गेली, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे. ही पद्धत मुळात मुलींच्या भल्यासाठी आहे: जिथे जागा मिळणारच नाही, तिथे शेवटच्या दिवसापर्यंत आशेवर ठेवायचं नाही.

गणिताखेरीज काही ठोस कारणंही असतात. बहुतेक चॅप्टरची किमान ग्रेडची अट असते आणि पहिल्या वर्षाच्या मुलींचे हायस्कूलचे ग्रेड धरले जातात. अटीखाली असाल, तर कितीही छान गप्पा झाल्या तरी नाव पहिल्या फेरीत गळतं. कारण न कळवता एखाद्या घराची फेरी चुकवली, तर तिथलं दार बंद होतं. तुमचं इन्स्टाग्राम पाहिलं जातं. आई किंवा बहीण सदस्य असल्याचा फायदाही आता गृहीत धरू नका. २०२० नंतर अनेक सोरोरिटींनी अशा मुलींना आपोआप मिळणारी सवलत काढून टाकली आहे.

पक्षपात होतच नाही, असंही म्हणता येणार नाही. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्राने कृष्णवर्णीय मुलींना वंशामुळे बिड नाकारल्याचं उघड केलं, आणि विद्यापीठाला पुन्हा बिड देण्याची वाट मोकळी करावी लागली. तुमच्या रंगावरून, नावावरून किंवा धर्मावरून कोणी बोललं असेल, तर त्याच दिवशी वाक्य जसंच्या तसं, वेळ आणि घराचं नाव यांसह लिहून ठेवा आणि विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी कार्यालयाला ईमेल करा. मैत्रिणीला सांगून सोडून देऊ नका. लेखी तक्रारीची दखल घ्यावी लागते.

अजून प्रक्रियेत असाल, तर

वेळापत्रकात जेवढी घरं उरली आहेत, तेवढ्या सगळ्यांना जा. आवडती दोन गेली म्हणून उरलेल्या तीनकडे तोंड पाडून गेलात, तर ती तीनही जातील. समोरच्या मुलीला तुमची सकाळ माहीत नसते, तिला फक्त कंटाळलेला चेहरा दिसतो. आदल्या फेरीत त्या घराबद्दल मनात आलेलं पुसून नव्याने बघा. मोठ्या आवाजात गोंधळून गेलेल्या मुलींना शेवटच्या शांत फेरीत घर वेगळंच वाटतं.

सगळ्यांत महाग पडणारी चूक प्रेफरन्सनंतर होते. त्या संध्याकाळी तुम्ही घरांचा क्रम लावता आणि एका बंधनकारक करारावर सही करता. सगळे त्याला एमआरएबीए म्हणतात. दोन घरांना जाऊन आलात आणि यादीत एकच लिहिलंत, तर त्या एका घराच्या कोट्यात नाव बसलं नाही की हात रिकामे. जी मुलगी मिळालेली सगळी आमंत्रणं स्वीकारते आणि सगळी नावं क्रमाने लिहिते, ती कोट्यापलीकडच्या जादा जागेसाठी पात्र राहते. एकच नाव लिहिणारी ते संरक्षण स्वतःहून सोडते.

याची दुसरी बाजू तितकीच पक्की आहे. यादीत लिहिलेल्या घराकडून बिड आला आणि तुम्ही तो नाकारलात, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत या कॉन्फरन्सच्या दुसऱ्या कोणत्याही सोरोरिटीत जाता येत नाही. म्हणून जिथे खरंच जायचं नाही, ते नाव लिहू नका. एकाही घरात जायचं नसेल, तर सहीच करू नका. सही न करता बाहेर पडलेल्या मुलीला पुढची खुली भरती मोकळी असते. सही करून बिड नाकारणारीला नसते. हा एकच नियम माहीत नसल्याने कितीतरी मुलींचं वर्ष जातं.

पूर्ण बाहेर पडलात, तर पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. कॉलेज बदलायचं, खोली बदलायची, रूममेटशी बोलायचं नाही, हे सगळं तीन दिवस पुढे ढकला. जेवा, पाणी प्या, झोपा. त्या आठवड्यात मुली उन्हात दिवसभर चाललेल्या असतात आणि नीट जेवलेल्याही नसतात. रडू थांबत नाही, त्यात थकव्याचा वाटा मोठा असतो. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आणि रशच्या गटाचा चॅट तीन दिवस म्यूट करा. डिलीट करायची गरज नाही, नाहीतर कोणाला तरी कारण सांगत बसावं लागतं.

बिड डेचं, म्हणजे बिड वाटले जातात त्या दिवसाचं, नियोजन आदल्या रात्रीच करा. त्या दुपारी डॉर्मच्या जिन्यातून किंचाळत पळणाऱ्या मुली, एकसारखे टी-शर्ट आणि खोल्यांच्या दारांवर सजावट असणार. दुपारी बारापासून रात्रीपर्यंत कॅम्पसबाहेर राहता येईल असं काहीतरी ठरवा, आणि शक्यतो रशमध्ये नसलेल्या एखाद्या मुलीबरोबर. बहुतेक कॉलेजांत अशा मुली रशला जाणाऱ्यांपेक्षा जास्तच असतात, त्या आठवड्यात फक्त दिसत नाहीत.

रूममेटला बिड मिळाला असेल, तर एकदाच, थोडक्यात बोलून घ्या: तुझ्यासाठी आनंद आहे, मला दोन-चार दिवस लागतील. न बोललेलं खोलीत साचत जातं आणि ऑक्टोबरमध्ये भांड्यांवरून भांडण होतं.

दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, वर्गाला जाववत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात वेळ घ्या. सत्राच्या सुरुवातीला तिथली प्रतीक्षायादी लहान असते, ऑक्टोबरअखेर ती वाढते. जगू नये असा विचार मनात आला, तर थांबू नका. ९८८ वर कॉल किंवा मेसेज करा. ही सेवा अमेरिकेत दिवसरात्र चालू असते.

खुल्या भरतीचं दार

ज्या चॅप्टरच्या जागा भरल्या नाहीत, ती बिड जुळवल्यावर लगेचच काही मुलींना थेट बिड देऊ शकतात. याला स्नॅप बिड म्हणतात. त्यानंतर कंटिन्युअस ओपन बिडिंग, म्हणजे सीओबी, सुरू होतं. स्नॅप बिडसाठी फोन त्याच दिवशी येतो, म्हणून बिड डेला अनोळखी नंबर उचला.

सीओबीसाठी कॅम्पसवरच्या पॅनहेलेनिक, म्हणजे सोरोरिटींच्या, कार्यालयाला ईमेल करून दोन गोष्टी विचारा: कोणती चॅप्टर सध्या सीओबी करत आहेत, आणि नाव नोंदवायचा फॉर्म कुठे आहे. मग त्या चॅप्टरच्या भरती प्रमुखाला चार ओळींचा निरोप पाठवा: नाव आणि वर्ष, विषय, त्यांच्या घराबद्दल आवडलेली एक नेमकी गोष्ट, आणि भेटायला मोकळ्या असलेल्या दोन वेळा. कोणत्या घरांनी नाकारलं, किती वाईट वाटलं, हे लिहू नका. सीओबीत कॉफीवर अर्धा-पाऊण तास शांतपणे बोलणं होतं. ज्या मुली गर्दीत बुजतात, त्यांना ही पद्धत मुख्य रिक्रूटमेंटपेक्षा कितीतरी जास्त मानवते. 'उरलेल्यांसाठीची' म्हणून तिच्याकडे बघणं चुकीचं आहे. वर्षाचं शुल्क, राहण्याची सक्ती आणि दंड, हे सही करण्याआधी लेखी मागा.

मुलग्यांसाठी थोडं वेगळं

फ्रॅटर्निटीत संगणकावर बिड जुळवत नाहीत. प्रत्येक चॅप्टर स्वतः ठरवतं, आणि नकाराचा फोन सहसा येतच नाही, फक्त शांतता असते. आठवडा वाट पाहू नका. रश चेअरला, म्हणजे भरती प्रमुखाला, सरळ विचारा, 'माझा विचार होतोय का?' बऱ्याच ठिकाणी सदस्य मतदान करतात, आणि तुम्हाला ओळखणारं आत कोणी नसेल, तर बाजूने बोलणारंही कोणी नसतं. म्हणून पाच घरांत एकेकदा जाण्यापेक्षा दोन घरांत तीन-तीनदा गेलेलं कामी येतं. वसंत सत्रात, म्हणजे जानेवारीनंतर, पुन्हा रश असते आणि तेव्हा गर्दी कमी असते.

नाकारलेल्या मुलग्यांना एक धोका मुद्दाम सांगायला हवा. विद्यापीठाने मान्यता काढलेले गट कॅम्पसबाहेरच्या घरात जुन्याच नावाने चालू राहतात आणि अशाच मुलग्यांना हेरतात. आमंत्रण आलं, तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त गटांची यादी बघा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्टॉप कॅम्पस हेझिंग कायदा झाला. त्यानुसार विद्यापीठांना रॅगिंगच्या प्रकरणांचा अहवाल जाहीर करावा लागतो. तोही वाचा. मान्यताप्राप्त गटांच्या यादीत नाव नसेल, तर जाऊ नका.

बाकीची ग्रीक अक्षरं

ग्रीक अक्षरांची नावं घेणाऱ्या आणखीही संघटना आहेत. दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या संघटना मुख्य रिक्रूटमेंटच्या बाहेर असतात: सिग्मा बीटा ऱ्हो १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, डेल्टा फाय ओमेगा १९९८ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात सुरू झाली. इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी १९८४ मध्ये पर्ड्यूला सुरू झालेली फाय सिग्मा ऱ्हो आहे, बिझनेससाठी डेल्टा सिग्मा पाय आणि अल्फा कप्पा साय, सेवाकार्यासाठी मुलं-मुली दोघांना घेणारी अल्फा फाय ओमेगा. यांची भरती बहुधा वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उरकते. नेमके तेच दिवस तुम्ही खोलीत पडून काढाल, तर हीही वेळ जाईल. बिझनेसवाल्या संघटनांत मुलाखती कडक असतात, तिथेही नकार येऊ शकतो. म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करू नका.

घरी बसलेल्या आई-बाबांसाठी

मुलगी फोनवर रडत असताना 'बरंच झालं, अभ्यास तरी होईल' म्हणू नका. भारतात शिकलेल्या पालकांना हा सगळा प्रकार पोरकट वाटू शकतो, पण तिच्यासाठी तो नव्या गावातल्या पहिल्या ओळखींचा प्रश्न होता. कार्यालयाला फोन करून कारण विचारू नका. चॅप्टर ते सांगत नाहीत, आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे विद्यापीठही सहसा विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय तिच्या नोंदींबद्दल पालकांशी बोलायला तयार होत नाही. ओळखीतल्या कोणाच्या मुलीला बिड मिळाला, हा विषय काढू नका. 'आज काय खाल्लंस?' विचारा आणि ती बोलेपर्यंत लाइनवर राहा. लगेच विमानाचं तिकीट काढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या शनिवार-रविवारी गेलात, तर ती तुम्हाला कॅम्पस दाखवायच्या मनःस्थितीत असेल.

पुन्हा प्रयत्न करायचा असेल, तर वसंत सत्राच्या नोंदणीची शेवटची तारीख कार्यालयाकडून आत्ताच घेऊन कॅलेंडरमध्ये टाका. तेव्हापासून हायस्कूलचे नाही, कॉलेजचे ग्रेड बघितले जातील, आणि पहिल्या सत्राचे ग्रेड ठरायला अजून तीन महिने हातात आहेत.