आशीर्वादाच्या इंग्रजीत ‘एस’ कुठे गाळायचा

गोव्यात नाताळ, फेस्त (चर्चचा सण), चवथ (गणेशचतुर्थी), शेजारच्या घरातला मृत्यू, अशा वेळी दोन ओळी इंग्रजीत लिहाव्याच लागतात. चूक बहुधा क्रियापदाच्या ‘एस’मध्ये होते. शाळेत ‘ही, शी, इट’ आले की एस लावा हे घोटून घेतलेले, म्हणून ‘गॉड ब्लेसेस यू’ लिहिले जाते. ते ‘देव आशीर्वाद देतो’ असे विधान झाले. म्हणायचे असते ‘देव तुझे भले करो’.

वाक्य आधी मनात मराठीत म्हणा. इच्छा सांगणारे करो, लाभो, असो असे ओकारान्त रूप आले, तर इंग्रजीत मूळ क्रियापद ठेवा. ‘गॉड ब्लेस यू’. ‘मे हिज सोल रेस्ट इन पीस’, इथे ‘रेस्ट्स’ नाही. स्त्री गेली असेल तर ‘हर सोल’. ‘असो’ला ‘इज’ नव्हे, ‘बी’ लागते. इंग्रजी मिसेत (चर्चमधल्या प्रार्थनाविधीत) पाद्री ‘द लॉर्ड बी विथ यू’ म्हणतो ते याच नियमाने. त्याच मिसेत बायबलचे वाचन संपल्यावर ‘थँक्स बी टू गॉड’ म्हणतात, त्यात ‘थँक्स’ हे नाम आहे, म्हणून एस बरोबर. सुटकेचा निःश्वास टाकताना मात्र ‘थँक गॉड’ म्हणा, ‘थँक्स गॉड’ नको.

‘आय विश यू हॅपी दिवाळी’मध्ये ‘अ’ गळतो: ‘आय विश यू अ हॅपी दिवाळी’. नुसते ‘हॅपी दिवाळी’ निर्दोष आहे. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याच्या, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला ‘हॅपी फीस्ट’ म्हणावे. नाताळाला ‘मेरी’ आणि ‘हॅपी’ दोन्ही चालतात. ‘हॅपी गुड फ्रायडे’ व्याकरणात बसते, पण तो येशूच्या मरणाचा दिवस. कृपा करून ते पाठवू नका. शुभेच्छा ईस्टरला द्या.

दुःखाच्या संदेशात ‘कंडोलन्सेस’ अनेकवचनी लिहा: ‘प्लीज अ‍ॅक्सेप्ट माय हार्टफेल्ट कंडोलन्सेस’. ‘हार्टली’ असा शब्दच नाही. मृत्यूला महिना झाल्यावरच्या मिसेची सूचना छापताना ‘मंथ्स माइंड मास’मधले अक्षरलोपाचे चिन्ह (अ‍ॅपॉस्ट्रॉफी) एसच्या आधी येते, कारण महिना एकच. इथला ‘माइंड’ म्हणजे स्मरण.

आमंत्रणात समारंभाला ‘टू’ लावा: ‘इन्व्हायटेड टू द वेडिंग’. जेवणाला ‘फॉर लंच’ चालते.