व्हिस्की टेस्टिंगची बैठक ठरवताय? या चुका टाळा

मे महिन्याचा तिसरा शनिवार हा जागतिक व्हिस्की दिन. स्कॉटलंडच्या एडिंबरात तेव्हा पारा पंधराच्या आसपास असतो, सोलापुरात बेचाळीसच्या. तरी दर वर्षी तेच होतं. कुणीतरी ग्रुपवर बाटलीचा फोटो टाकतो, ‘गच्चीवर बसू’ असं ठरतं आणि महागडी सिंगल माल्ट (एकाच कारखान्यातली, मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) बर्फ-सोडा घालून तापलेल्या स्लॅबवर संपते. दुसऱ्या दिवशी शेरा येतो, ‘काही विशेष नव्हती.’ विशेष होती. तिचा वास घ्यायची सोय कुणी केली नव्हती, एवढंच.

गच्ची

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. ग्लासातली व्हिस्की तीस अंशांच्या वर गेली की अल्कोहोल आधी उडतं आणि नाकात तेच शिरतं. त्यामागचा मध, सफरचंद, लाकूड, धूर काही हाती लागत नाही. नाक झोंबलं म्हणून बर्फ घालतात आणि बर्फाने उरलेला वासही दबतो. वारा असेल तर तो दबलेला वासही गेला.

खोलीत बसा. व्हिस्कीसाठी १८ ते २२ अंश चांगले. एसी २२वर तासभर आधी लावा आणि बाटल्या सकाळपासून त्याच खोलीत ठेवा. ऐनवेळी वाईन शॉपमधून गाडीच्या डिकीत भाजून आलेली बाटली असेल, तर माठातलं पाणी बादलीत ओतून त्यात वीस मिनिटं उभी करा, पाणी बुचाला लागू देऊ नका. फ्रीज नको. कूलर चालतो, पण वाळ्याचे पॅड असलेला नाही. वाळ्याचा वास कितीही छान असला तरी तो प्रत्येक ग्लासात येऊन बसतो.

मे महिन्यात घरात आणखी दोन वास हमखास असतात: आढीतले आंबे आणि मोगऱ्याचा गजरा. आंब्याची पेटी त्या दिवसापुरती दुसऱ्या खोलीत हलवा. उदबत्ती, डासांची कॉईल, अंगावरचा स्प्रे, स्वयंपाकघरातली लसणाची फोडणी यांना दोन तास आधीपासून सुट्टी. पाहुण्यांना ‘सेंट मारून येऊ नका’ असं स्पष्ट सांगा. लोकांना वाईट वाटतं. वाटू द्या.

तारखेचा हट्ट नसेल तर मे सोडाच. व्हिस्कीवाल्यांना निमित्तांची कमी नाही. २५ जानेवारी हा स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस (१७५९) आणि स्कॉटलंडमध्ये त्या रात्रीच्या जेवणात व्हिस्की असतेच. आपल्याकडे तेव्हा हुरड्याचे दिवस, संध्याकाळ गार. फक्त दुसऱ्या दिवशी २६ जानेवारीचा ड्राय डे असतो, म्हणून खरेदी आधी उरका. उत्साही मंडळी हे नेमकं रात्री अकराला आठवतात.

सगळ्यात दांडगी बाटली आधी उघडणं

जुळे सोलापुरातली एक ठरावीक बैठक डोळ्यांसमोर आणा. आठ जण, पाच बाटल्या. कुणीतरी विमानतळावरून अर्डबेग १० ही धुरकट स्कॉच आणलेली. ‘पाहुणी आधी’ म्हणून तीच पहिली उघडली जाते. आयोडीन, धूर, दवाखान्याचा वास. चार जण तोंड वाकडं करतात, दोघे खूश होतात. मग ग्लेनलिव्हेट १२ येते आणि ती पाण्यासारखी लागते. त्यानंतरच्या पॉल जॉनलाही धुराचा वास येतो आणि ‘भारतीय माल्टमध्ये काही दम नाही’ असा निकाल लागतो. प्रत्यक्षात तो धूर आधीच्याच ग्लासातला, जिभेवर नि नाकात रेंगाळलेला. बार्ली सुकवताना जाळलेल्या पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) धुरातली फिनॉल ही वासाची द्रव्यं सहज जात नाहीत. पाण्याने चूळ भरली तरी पंधरा-वीस मिनिटं राहतात. आठ जणांचे पैसे पहिल्या पंधरा मिलीतच संपलेले असतात.

क्रम हलक्याकडून जडकडे, धूर सगळ्यात शेवटी. सहज जमेल असा एक संच: ग्लेनलिव्हेट १२ (४० टक्के अल्कोहोल), मग मेकर्स मार्क ही अमेरिकन बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची व्हिस्की (४५), मग पॉल जॉन ब्रिलियन्स (४६), मग अमृत फ्यूजन (५०) आणि शेवटी अर्डबेग १० (४६). फ्यूजनमध्ये भारतीय बार्लीसोबत स्कॉटलंडची पीट केलेली बार्ली असते, म्हणून ती धुराकडे जायची पायरी ठरते. टक्केवारी चढत जावी हा नियम खरा, पण धुरापुढे तो मोडायचा. शेवटच्या दोन बाटल्यांच्या आधी दहा मिनिटं थांबा. हे थांबणं नवशिक्यांना जमत नाही, ग्लास रिकामा दिसला की त्यांचा हात शिवशिवतो.

बाटलीवरचं वय (नावापुढचे १०, १२ हे आकडे, म्हणजे पिंपातली वर्षं) बघून क्रम लावणं हाही त्याच जातीचा घोळ. स्कॉटलंडमध्ये पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के उडते, बंगळुरूत (अमृत तिथलीच) दहाच्या वर. उष्णतेत पिंपाच्या लाकडाची चव भराभर उतरते, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक माल्टवर वयच नसतं. वय नाही म्हणजे कोवळी, असं समजू नका.

शेंगा चटणी

इथे भांडण होणार हे ठाऊक आहे. सोलापुरात चकण्याला शेंगा चटणी नाही म्हणजे अपमानच. पण टेस्टिंगच्या ताटात ती नको. तिखट लागलेल्या जिभेवर ४६ टक्के अल्कोहोल पडलं की आग दुप्पट होते, लसूण पुढच्या प्रत्येक घोटात येतो आणि शेंगदाण्याचं तेल तोंडात थर धरतं. खारे शेंगदाणे, चिप्स, चिकन ६५ यांचीही तीच गत.

त्याऐवजी घरातच असलेली वस्तू वापरा: ज्वारीची कडक भाकरी. तीळ न लावलेली, मीठ कमी असलेली. तिचा तुकडा चावून वर पाण्याचा घोट घेतला की जीभ कोरी होते. या कामाला बाहेरून आणलेली क्रीम क्रॅकर तिच्या जवळपास येत नाहीत. चटणी, दही, सुकं मटण सगळं पाचवा ग्लास संपल्यावर. तेव्हा उरलेल्या व्हिस्कीत सोडा घालायलाही हरकत नाही. सोडा वाईट नाही, तो फक्त टेस्टिंगच्या वेळी नको.

उपाशीपोटी मात्र बसू नका. तासभर आधी वरण-भात किंवा खिचडी, साधं काहीतरी.

पाणी

बोअरचं पाणी जड, नळाचं काही दिवसांनी येऊन टाकीत साठलेलं आणि क्लोरीनचा वास धरलेलं. दोन्ही ग्लासात घालायला नकोत. आरओचं किंवा बाटलीबंद साधं पाणी घ्या, तेही खोलीच्याच तापमानाचं. ग्लासही त्याच पाण्याने शेवटचे विसळा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग आणि साबणाचा वास राहतो. पुसायला नवाकोरा टॉवेल घेऊ नका. आपल्या टॉवेलांचं नाव मोठं असलं तरी दोन-चार धुण्यांपर्यंत ते तंतू सोडतात.

पाणी किती हे अंदाजाने ठरवतात आणि तिथेच व्हिस्की बुडते. पंधरा मिली ४६ टक्क्यांची व्हिस्की चाळीसवर आणायला सव्वादोन मिली पाणी पुरतं, पन्नास टक्क्यांची असेल तर पावणेचार मिली. मेडिकलमधून पाच मिलीची बिनसुईची सिरिंज आणा. आधी कोरी हुंगा आणि चाखा, मग अर्धा मिली पाणी घाला, दोन मिनिटं थांबा, पुन्हा हुंगा. पाण्याने ग्वायकॉलसारखी धुराची द्रव्यं पृष्ठभागाकडे येतात. चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीला बहुधा पाणी लागतच नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मोठा पेग ओतू नका. एका व्हिस्कीचे १५ मिली, म्हणजे तीसच्या मापाचे अर्धे. पाच व्हिस्की म्हणजे ७५ मिली, आणि आठ जणांना एका बाटलीतले १२० मिली लागतात. जी व्हिस्की १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये मिळते तिचा खंबा घेऊन पैसे घालवू नका. सहावी बाटली ठेवूच नका, पाचव्यानंतर सगळ्या ‘भारी’च लागतात.

स्टीलचा पेला, रुंद तोंडाचा ग्लास, प्लास्टिकचा कप बाद. तोंडाशी निमुळता होणारा छोटा वाईन ग्लास बरा. नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून काठाशीच हुंगा. वाईनसारखं गरगर फिरवायचं नाही.

रंग गडद म्हणजे जुनी, हे डोक्यातून काढा. कॅरमल घालून रंग जुळवायची बऱ्याच ठिकाणी परवानगी आहे. बाटल्या कागदी पिशव्यांत घालून वर एक ते पाच आकडे टाका आणि नावं शेवटी उघडा. किंमत कळली की जीभ लगेच खोटं बोलायला लागते. शेरा प्रत्येकाने आपल्या कागदावर लिहायचा, मोठ्याने आधी कुणीच बोलायचं नाही. नाहीतर ग्रुपमधला वजनदार माणूस ‘व्हॅनिला’ म्हणतो आणि सगळ्यांना व्हॅनिला लागतो.

पाहुण्यांपैकी कुणी पंचविशीच्या आतलं नको आणि परवाना असू द्या, महाराष्ट्रात कायदा तसा आहे. एक दिवसाचा परवाना दुकानातही मिळतो. ७५ मिली म्हणजे ‘थोडीशीच’ असं वाटतं. पण कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि तेवढ्यात बहुतेक माणसं ती ओलांडतात. गाडीच्या चाव्या आधी जमा करा, रिक्षा सांगून ठेवा, आणि टेबलावर थुंकायला एक तांब्या ठेवा. परदेशी जाणकार थुंकतातच, आपल्याकडे उगीच लाजतात.

उरलेली बाटली आडवी ठेवू नका, अल्कोहोलने बूच कुजतं. माळ्यावरही नको, उन्हाळ्यात तिथे पत्र्याखालची भट्टी असते. खालच्या कपाटात, अंधारात, उभी ठेवा. निम्म्याच्या खाली गेली असेल तर काचेच्या स्वच्छ क्वार्टर बाटलीत गळ्यापर्यंत भरा, आतली हवा कमी झाली की चव जास्त टिकते. वर नाव आणि तारखेची चिठ्ठी लावा, नाहीतर दिवाळीत पाहुण्यांपुढे अर्डबेग ‘साधी’ म्हणून जाईल.