हायब्रिड गाडी चालवताना पाय कुठे असावा

आधीची पेट्रोल गाडी मी वीस वर्षं चालवली होती. सिग्नलपर्यंत दामटायची आणि ऐनवेळी ब्रेक दाबायचा, ही सवय पायात मुरलेली. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी घेतली, तर पहिले दोन महिने ती अ‍ॅव्हरेजच देईना.

लाल दिवा दिसला की लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि ब्रेकवर पाय नुसता टेकवा. हलक्या दाबाला मोटर जनरेटरचं काम करते आणि वेगाची वीज होऊन बॅटरीत जाते. स्क्रीनवरचा बाण चाकांकडून बॅटरीकडे वळलेला दिसेल; आठवडाभर त्याच बाणाकडे लक्ष ठेवून शिका. जोरात दाबलात तर पॅड डिस्कला घासतात आणि तीच ताकद उष्णता होऊन हवेत जाते. वेग घेताना मात्र रांगू नका. बेताच्या जोराने हवा तो वेग गाठा, पाय क्षणभर पूर्ण उचला, इंजिन थांबेल. मग अलगद टेकवा, गाडी मोटरवर जाते. मला हे जमायला महिना लागला, पण त्यानंतर टाकी भरायला जाणं खरंच कमी झालं.

वाहतूक खोळंबली तर गाडी 'डी'मध्येच, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्येच ठेवून ब्रेक धरा. 'एन'मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी ती रिकामी करत राहतो. लांब उतारावर 'बी', म्हणजे इंजिनाच्या जोरावर वेग रोखणारा गिअर वापरा, सपाटीवर नको.

उतरण्याआधी 'रेडी'चा, म्हणजे गाडी चालू असल्याचा दिवा विझलाय ना, ते रोज पाहा. गाडी आवाज करत नाही म्हणून बंद आहे असं समजू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन आपोआप सुरू झालं तर विषारी धूर कोंडतो. यात हयगय नको.

माझी गाडी एकदा तीन आठवडे उभी होती आणि चालूच होईना. मोठी बॅटरी ठणठणीत, बसली होती ती साधी 12 व्होल्टची. गाडीचे कॉम्प्युटर तिच्यावरच जागे होतात. तेव्हापासून गाडी उभी असली तरी आठवड्यातून एकदा मोकळ्या जागेत अर्धा तास 'रेडी'त ठेवते.

मागच्या सीटजवळ जाळी असेल तर तिच्यावर पिशव्या, चादरी ठेवू नका. मोठी बॅटरी तिथूनच थंड हवा घेते. माझ्या जाळीच्या फिल्टरमध्ये धुळीचा जाड थर निघाला होता. आता प्रत्येक सर्व्हिसिंगला तो समोर काढून दाखवायला सांगते.