लिनक्सची डिस्ट्रो निवडताय? पॅकेजच्या बाबतीत या चुका टाळा

रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअरच्या भांडारात) किती हजार पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, आहेत, हा आकडा बघून डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार अवतार, ठरवू नका. जे सॉफ्टवेअर आर्च या डिस्ट्रोत एका पॅकेजात येतं, तेच डेबियनमध्ये चार-पाच तुकड्यांत विभागलेलं असतं. त्या आकड्यांची तुलनाच होत नाही. रोज लागणाऱ्या दहा-बारा प्रोग्रामची नावं कागदावर लिहा. मराठी टायपिंगचं आयबस-एम१७एन आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही त्यात धरा. मग रेपोलॉजीवर (कुठल्या डिस्ट्रोत कुठली आवृत्ती आहे ते दाखवणाऱ्या वेबसाइटवर) एकेकाची आवृत्ती तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण नवखे नेमकं तेच टाळतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डेबियनवर उबंटूचा पीपीए (उबंटूसाठी लोकांनी स्वतः चालवलेली रिपॉझिटरी) जोडणं. डेबियन १२ वर हे वारंवार घडलं आहे. एखादा प्रोग्राम जुना वाटतो, शोधल्यावर उबंटू २४.०४ साठीचा पीपीए सापडतो. तो जोडला की ॲप्ट (पॅकेज टाकणारा प्रोग्राम) अडतं: पॅकेजला लिबसी६ या लायब्ररीची २.३९ आवृत्ती हवी, इथे आहे २.३६. इथेच थांबायचं असतं. घाईतला माणूस मात्र उबंटूची मूळ रिपॉझिटरीच जोडून टाकतो. लिबसीवर अख्खी सिस्टीम उभी असते. ती वर चढते, पुढच्या अपग्रेडला पायथन आणि सिस्टीम सुरू करणारं सिस्टिमडी हेही उबंटूचे येऊ लागतात आणि डेस्कटॉपची पॅकेज काढायच्या यादीत जातात. ती यादी न वाचता वाय दाबलं, की रीबूटनंतर लॉगिनचा पडदाच येत नाही. लिबसी मागे नेण्याचा धड मार्ग नाही. होम फोल्डरची प्रत काढून सिस्टीम नव्याने टाकावी लागते. डेबियनवाले अशा खिचडीला फ्रँकनडेबियन म्हणतात.

नवी आवृत्ती हवीच असेल तर आधी आपल्याच डेबियनचे बॅकपोर्ट्स (त्याच डेबियनसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्या) बघा, तिथे नसेल तर फ्लॅटहब (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या ॲपचं भांडार). आणि बाहेरची कुठलीही रिपॉझिटरी जोडल्यावर आधी 'ॲप्ट -एस फुल-अपग्रेड' चालवा. यात प्रत्यक्ष काहीच बदलत नाही, फक्त काय येणार नि काय जाणार ते दिसतं. ही यादी वाचायचा कंटाळा करू नका.

आर्चवर (पॅकमन हे तिथलं ॲप्ट) 'पॅकमन -एसवाय' करून एकच पॅकेज टाकू नका. ते नव्या लायब्ररीवर बांधलेलं असतं, बाकी सिस्टीम जुनीच राहते. नेहमी 'एसवाययू', त्याने सगळी सिस्टीम एकदम अद्ययावत होते. एयूआर ही वापरकर्त्यांनी लिहिलेल्या, पॅकेज बांधायच्या कृतींची जागा आहे, अधिकृत भांडार नव्हे. पीकेजीबिल्ड, म्हणजे ती कृती, वाचूनच बांधा. आर्चवर आधारलेल्या मांजारोमध्ये पॅकेज आर्चपेक्षा उशिरा येतात, म्हणून तिथे एयूआर जास्त मोडतं.

फेडोरावर व्हिडिओ चालत नाही? पेटंटमुळे काही कोडेक (व्हिडिओ उलगडणारे घटक) त्यात नसतात. आरपीएम फ्यूजन ही बाहेरची रिपॉझिटरी जोडा.

उबंटू २२.०४ पासून ॲप्टने फायरफॉक्स मागितला तरी स्नॅपच (उबंटूचा वेगळा पॅकेज प्रकार) येतो. मोझिलाची ॲप्ट रिपॉझिटरी जोडून भागत नाही, तिला १००० ची प्राधान्य-पिनही (कुठल्या रिपॉझिटरीला आधी मानायचं ते ॲप्टला सांगणारा नियम) द्यावी लागते. नाहीतर फक्त स्नॅप आणणाऱ्या उबंटूच्या नाममात्र पॅकेजाचा आवृत्ती क्रमांक वरचढ ठरतो आणि स्नॅप परत येतो. ही पिनच लोक विसरतात.