तिथीची पाऊणकी आणि माझा अभ्यास

स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या वर्षी मी रत्नागिरीच्या खोलीवर दिवसाला दहा-दहा तास वाचायचो. चार रंगांचे हायलायटर होते. पूर्वपरीक्षेत आपटलो आणि हर्णैला घरी आलो. आबा पडवीत जाळं सांधत होते. सहज विचारलं, "आबा, आज भरती कधी?" हात न थांबवता म्हणाले, "पंचमी ना? पावणेचार."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे मलाही ठाऊक होतं. पण पाच त्रिक पंधरा, भागिले चार करेपर्यंत तिथी कोणती तेच निसटायचं. आबांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शाळेपासून पाठ. (ती शाळेतून गेली हे काही बरं झालं नाही.)

वर्किंग मेमरी, म्हणजे काम करताना त्या क्षणी डोक्यात धरून ठेवायची जागा, फार तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एका वेळी सातेक गोष्टी डोक्यात राहतात असं मांडलं. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये आकडा चारवर आणला. मात्र एक 'गोष्ट' केवढी, हे दीर्घकालीन स्मृती ठरवते. माझ्यासाठी तो हिशेब चार पायऱ्यांचा, आबांसाठी एकच घास.

म्हणून नव्याने अभ्यासाला बसणाऱ्यांना सांगतो, नवीन माहिती जुन्या ओळखीला बांधा. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी हा नद्यांचा क्रम मी कितीदा रटला असेन. बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये या खाड्या मात्र लहानपणापासून पायाखालच्या. एकेका खाडीला तिची नदी जोडली, ती आजतागायत सुटलेली नाही.

राज्यघटनेच्या कलमांना खाड्या नव्हत्या. तिथे पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. सुरुवातीला निम्मंही आठवत नाही, लाज वाटते, हात पुस्तकाकडे जातो. जाऊ देऊ नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. माझे हायलायटर मला त्या पाच मिनिटांपुरतेच हुशार करत होते.

पाऊणकी मी आता पाठ केली आहे. परवा आबांनी विचारलं, "एकादशीची?"

"सव्वाआठ," मी जरा थांबून म्हणालो.

"होडी गेली बाबा तुझी."