छाटणी तोंडावर आली, दुकानात आधी सुटे भाग भरा

छाटणी सुरू झाली की अवजारांच्या दुकानात झुंबड उडते आणि हवी ती वस्तू नेमकी त्याच आठवड्यात संपलेली असते. म्हणून झाडनिगेच्या अवजारांचे दुकान चालवणाऱ्यांनी, तसेच गटासाठी एकत्र खरेदी करणाऱ्या बागायतदारांनी, हंगामाच्या महिना-दीड महिना आधीच माल भरून ठेवावा.

दहा तऱ्हेच्या कात्र्या टांगण्यापेक्षा दोनच तऱ्हा ठेवा, पण त्यांची पाती, स्प्रिंग, नट-बोल्ट आणि खटके कधी संपू देऊ नका. कात्रीची स्प्रिंग गवतात उडाली की सापडत नाही. मग माणूस दर कापाला कात्री हाताने उघडत राहतो आणि संध्याकाळी मनगट चोळत बसतो. एवढ्याशा स्प्रिंगसाठी हे होऊ नये.

ओल्या फांदीला बायपास कात्रीच हवी. तिचे पाते दुसऱ्या पात्याला घासून पुढे जाते, त्यामुळे काप स्वच्छ येतो. अँव्हिल कात्रीचे पाते सपाट पट्टीवर दाबले जाते. वाळक्या लाकडाला ती चालते, ओली साल मात्र चिरडते. गिऱ्हाइकाला हा फरक सांगूनच कात्री द्या. साधारण २ सेंटीमीटर जाडीपर्यंत हातकात्री, ४ सेंटीमीटरपर्यंत लांब दांड्याचे लॉपर आणि त्यापुढे करवत, हेही सांगा. छोट्या मुठीच्या आणि डावखुऱ्यांसाठीच्या थोड्या कात्र्या हव्यातच. मोठ्या मुठीची कात्री दिवसभर दाबणे लहान हाताला झेपत नाही.

गल्ल्याजवळ ओल्या काड्यांची एक जुडी ठेवा. घेणाऱ्याने स्वतः दोन काप घेऊन पाहावेत. कापाची कड गुळगुळीत असावी, सालीचा धागा लोंबता कामा नये. मग कात्री मिटून उजेडाकडे धरावी. पात्यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली, तर नट आवळून पुन्हा पाहावे. तरीही दिसली, तर ती कात्री विकू नका.

धारेचा दगड कात्रीसोबतच दाखवा. बायपासच्या पात्याला धार लावायची ती उताराच्या बाजूने. सपाट बाजूवर फक्त निघालेली कणी हलक्या हाताने काढायची. ती बाजू घासली तर फट पडते. घडीच्या करवतीच्या दातांची टोके निळसर-काळी असतील, तर ते दात कडक केलेले असतात आणि त्यांना कानस लागत नाही. अशा करवतीची बदली पाती मिळत असतील तरच ती घ्या.

एका झाडाचा रोग दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून पाती पुसायला ७० टक्के अल्कोहोल ठेवा. ब्लीचही चालते, पण ते पाते खाते. वापरल्यावर धुऊन तेल लावावे लागते.

जखमेवर फासायच्या रंगाचे डबे रचून ठेवू नका. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून पाहिली. झाड कुजका भाग आतल्या आत कोंडून टाकते आणि रंगाने कूज थांबत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. खरे काम फांदीच्या बुडाची फुगीर कड शाबूत ठेवून घेतलेला काप करतो. बुरशीचा त्रास असलेल्या बागेत बोर्डो पेस्ट लागते: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. त्यासाठी प्लास्टिकच्या बादल्या ठेवा, लोखंडी नको. चुना हवाबंद असू द्या. ओल लागली की तो विरतो.

चेनसॉ (यंत्रावर चालणारी साखळी-करवत) विकणार असाल तर हेल्मेट, चष्मा, कानाचे मफ आणि पायाचे संरक्षक कपडे शेजारीच मांडा. मी तर त्यांच्याशिवाय यंत्र देऊच नये म्हणेन. झाडावर चढायचा दोर किंवा कमरेचा पट्टा वापरून परत आला, तर पुन्हा विकायचा नाही. त्याच्यावर किती ताण पडून गेला आहे, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

चेनचे सर्वात जास्त घोळ मापात होतात. पिच (कड्यांमधले अंतर), गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि त्या कड्यांची संख्या, तिन्ही जुळले तरच चेन बसते. गोल कानसही पिचप्रमाणे बदलते: .३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटर, साध्या ३/८ इंचाला ५.५ मिलिमीटर, लहान ३/८ ला ४ मिलिमीटर. गल्ल्यात एक वही ठेवून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या यंत्राची ही मापे लिहून घ्या. हंगामात फोन आला की वही पाहून नेमकी चेन काढून देता येईल, आणि पुढच्या वर्षी कोणत्या मापाच्या किती चेन मागवायच्या तेही त्याच वहीत सापडेल.